टोबरमोरीला नवख्या डायव्हरला घेऊन बुडालेली जहाजं बघायचीत, प्लॅन तपासून द्या

ब्रॅम्प्टनकर
नमस्कार मंडळी, टोरांटोच्या आसपास डायव्हिंग करणारे बरेच जण इथे आहेत म्हणून इथेच विचारतोय. माझी मामेबहीण ऑगस्टच्या शेवटी पुण्याहून येतेय. तिने गेल्या वर्षी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला आणि तेव्हापासून फोनवर एकच विषय, दादा मला बुडालेलं जहाज बघायचंय. मी त्याच्या पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केलाय, लेक ह्युरॉनच्या काठावरच्या टोबरमोरीला उन्हाळ्यात जाणं असतंच. डोक्यात असं आहे की शुक्रवारी पहाटे निघायचं, चार-साडेचार तासात पोचू, दुपारी एक डायव्ह, शनिवारी सकाळी नायगारा टू, रविवारी हाताशी वेळ असेल तसं. नायगारा टू अशासाठी की अख्खं जहाज शाबूत आहे, बघितल्यावर माणूस गप्पच होतो, आणि ते मुद्दाम डायव्हिंगसाठीच बुडवलेलं आहे म्हणजे सेफ असणार.
आई-बाबा पण बरोबर येणार, ते काही पाण्यात उतरणार नाहीत. काय वाटतं, हा प्लॅन ठीक आहे का? आणि वेटसूट पुरेल की ड्रायसूट लागेल तिला?

सई_मिसिसागा
बाकी सगळं नंतर, आधी सांग कोर्स पास झाल्याचं कार्ड आहे का तिच्याकडे? ओपन वॉटर केलं म्हणजे खरंच केलं की मालवणला हात धरून खाली नेतात ते? फॅदम फाइव्हमध्ये, म्हणजे टोबरमोरीच्या पाण्यातल्या राष्ट्रीय सागरी उद्यानात, प्रत्येक डायव्हरला पार्क्स कॅनडाकडे नाव नोंदवावं लागतं, आणि चार्टर बोटवाले तर कार्ड दाखवल्याशिवाय बोटीवर घेतच नाहीत. लॉगबुकही बरोबर असू दे.

तारकर्लीचो
सईताईंनी बरोबर विचारलं. आमच्याकडे सीझनला रोज शेकड्याने लोक पाण्यात जाऊन येतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, पाच-सात मीटरवर, मागे इन्स्ट्रक्टर टँक धरून असतो, व्हिडिओ मिळतो, आणि घरी जाऊन सांगतात स्कूबा केलं. ते छानच आहे, त्यात वाईट काही नाही, पण तो नुसता अनुभव झाला. त्यात बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) स्वतः सांभाळायची नसते, टँकमधल्या हवेचा दाब दाखवणारं गेज बघायचं नसतं, वर यायचा निर्णय पण आपला नसतो. ज्यांनी खरा कोर्स केलाय त्यांना थिअरी, बंदिस्त पाण्यातला सराव आणि मग समुद्रात चार डायव्ह, एवढं सगळं करावं लागतं. मुलीने कुठे केलंय?

ब्रॅम्प्टनकर
तुमच्याच गावात केलंय, तारकर्लीला. पूर्ण कोर्स, कार्ड आहे, मी फोटो मागवून बघितला. नंतर डिसेंबरात गोव्याला ग्रँड आयलंडला पण जाऊन आली, तिथे सुझीज रेक बघितलं, पण पाणी इतकं गढूळ होतं की जहाजाची एक बाजू दिसेपर्यंत दुसरी गायब. म्हणूनच तिला इथलं नितळ पाणी दाखवायचंय. त्यानंतर मात्र पाण्यात गेलेली नाही.

खोल_पाणी
ब्रॅम्प्टनकर, बहिणीला घेऊन येताय हे फार चांगलं करताय. टोबरमोरीसारखी जागा जगात फार कमी ठिकाणी आहे. पण प्लॅन उलटा करा असं मी आग्रहाने सांगेन. का ते सविस्तर लिहितो.

तिचा आत्तापर्यंतचा सगळा अनुभव 27-28 डिग्रीच्या पाण्यातला आहे, अंगात पातळ सूट, उघडं डोकं, उघडे हात. इथे ऑगस्टच्या शेवटी वरचं पाणी 18-20 पर्यंत असतं, कधी वाऱ्याने पाणी फिरलं की त्याहून बरंच कमी. आणि खाली कुठेतरी थर्मोक्लाइन लागते. ती त्या दिवशी 10 मीटरवर असेल की 20 वर ते जाऊन आलेल्या बोटवाल्यालाच माहीत. त्या रेषेच्या खाली पाणी एकदम पाच-सहा डिग्रीवर येतं, चेहऱ्यावर फ्रिजचं दार उघडल्यासारखं. ज्याला सवय आहे तो एक मोठा श्वास सोडतो आणि पुढे जातो. नवख्या माणसाचा श्वास तिथे जो जोरात सुरू होतो तो थांबतच नाही, हवा भराभर संपते, आणि मग वर जायची घाई होते. नायगारा टूचा तळ 90-100 फुटांवर आहे, वरचा भाग वर आहे हे मान्य, पण दोरीवरून उतरताना जहाज आपल्याला खाली ओढत नेतं, नजर खालीच जाते. पहिल्यांदाच 7 मिलिमीटरचा सूट घातलेल्या मुलीला तिथे नेऊ नका.

आता वजनाचं बघा, कारण सगळा खेळ तिथे बिघडतो. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं. माणूस आणि सगळं सामान मिळून 90-100 किलो धरलं तर त्याच सामानावर समुद्रापेक्षा दोन-अडीच किलो शिसं कमी लागतं. हे सगळे सांगतात. पण तिचं सामान तेच नसणार ना. 7 मिलिमीटरचा दोन पदरी सूट, हूड, ग्लोव्हज, बूट, हे सगळं निओप्रीन तिला वर ढकलणार, त्यामुळे प्रत्यक्षात तारकर्लीपेक्षा बरंच जास्त शिसं पट्ट्यात घालावं लागणार. आणि हा जाड सूट खाली गेल्यावर दबतो, तरंगायची ताकद जाते, म्हणजे वर हलकी आणि खाली जड. हे सगळं तिला पहिल्या दिवशी उथळ जागी समजून घेऊ दे. टँक भरलेला, बीसीडी रिकामी, नेहमीचा श्वास आत धरून सरळ उभं राहिलं की पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. त्यावर अंदाजे दोन किलो वाढवा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा 80चा (80 घनफुटी) टँक शेवटी रिकामा होत आला की हलका होतो.

माझा सल्ला: शुक्रवारी कुठलंही जहाज नको. शनिवारी बिग टब बंदरातली दोन जहाजं, स्वीपस्टेक्स आणि सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स. रविवारी वारा चांगला असेल तर वेटमोर, ते पण उथळातलं बुडालेलं जहाज. बास. यातली सगळ्यात खोल जागा 28 फूट आहे, आणि ही जहाजं मोठ्या रेक्सच्या (बुडालेल्या जहाजांच्या) तुलनेत कमी दर्जाची आहेत असं मनात सुद्धा आणू नका.

मनमौजी
काका तुम्ही जरा जास्तच घाबरवताय असं वाटतं. मी ओपन वॉटर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात नायगारा टूवर गेलोय, वरच्या डेकवर राहिलो, 18 मीटरच्या आत. काही झालं नाही. पोरगी पुण्याहून इतक्या लांब येणार आणि तिला वीस फुटांवरची लाकडं दाखवणार का?

खोल_पाणी
मनमौजी, तुम्ही इथेच कोर्स केलात का? केला असेल तर जाड सूट, हूड, थंड पाणी, हे सगळं कोर्समध्येच झालं तुमचं. तिचं नाही झालेलं. कार्डावर 18 मीटर लिहिलेलं असतं ते ज्या परिस्थितीत शिकलात तशाच परिस्थितीसाठी असतं, हे कोर्सच्या पुस्तकातच आहे.
आणि त्या वीस फुटांवरच्या लाकडांबद्दल. स्वीपस्टेक्स हे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, 1867 साली बर्लिंग्टनला बांधलेलं, म्हणजे तुमच्या-आमच्या घरापासून तासाभरावर. लांबी 119 फूट. 1885च्या ऑगस्टमध्ये कोव्ह आयलंडजवळ त्याचं नुकसान झालं, ओढून बिग टबमध्ये आणलं, आणि सप्टेंबरात ते तिथेच बुडालं. दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं, आतला कोळसा तेवढा काढून घेतला. तेव्हापासून ते तिथेच बसलंय. पुढच्या बाजूला नांगर ओढायचा रहाट अजून जागेवर आहे. डेकच्या फळ्या, डोलकाठीची भोकं, सगळं हाताच्या अंतरावरून बघता येतं (हात लावायचा नाही). समुद्रात असं लाकूड केव्हाच गेलं असतं, खाऱ्या पाण्यातले लाकूड पोखरणारे किडे ते शिल्लकच ठेवत नाहीत. इथे गोडं पाणी, थंड पाणी, त्यामुळे टिकलं. ज्या मुलीने गोव्याला गढूळ पाण्यात लोखंडाचे तुकडे बघितलेत तिला हे पुरेल की नाही तुम्हीच सांगा.

मनमौजी
हो कोर्स इथेच केला, पाण्याने भरलेल्या एका खाणीत. मुद्दा पटला. नायगारा टू पुढच्या वेळी.

तारकर्लीचो
फळ्यांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे जुनी लाकडी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली तरी तिला तेल लावावं लागतं, नाहीतर गेलीच. पाण्याखाली दीडशे वर्षांची डेक म्हणजे काय ते आम्हाला कळतं.

किंग्स्टनवाला
एक वेगळा पर्याय सुचवू का? थंडीची काळजी असेल तर टोबरमोरीऐवजी सेंट लॉरेन्सकडे या. ऑगस्टात नदीचं पाणी 22-23 पर्यंत जातं आणि वाहतं असल्यामुळे खालपर्यंत जवळपास तेवढंच असतं, थर्मोक्लाइनची भानगड नाही. प्रेस्कॉटजवळ रोथसे आहे, पॅडल स्टीमर, 1889 मध्ये टगबोटीला धडकून बुडाली, काठावरूनच पोहत जाता येतं, 30-35 फूट, प्रवाहही कमी. कार्डिनलजवळ कॉनेस्टोगा आहे, तिचं धुराडं पाण्याच्या वर दिसतं, पण तिथे प्रवाह जोरदार आहे, नवख्यांना नको. इथल्या सगळ्या जहाजांवर झेब्रा मसल्स (छोटे शिंपले) चिकटलेत, कडा धारदार असतात, ग्लोव्हज पाहिजेतच.

खोल_पाणी
रोथसे सुंदरच आहे, किंग्स्टनवाल्यांचं बरोबर. फक्त नदीत दोरी धरून जायची, प्रवाहात परत यायची सवय वेगळी लागते आणि आई-बाबांसाठी टोबरमोरीत करण्यासारखं जास्त आहे. पण जर त्या वीकेंडला टोबरमोरीत वारा लागला तर हा प्लॅन बी म्हणून खिशात ठेवा.

अनघा_वॉटर्लू
आई-बाबांचं मी सांगते, आमचे सासू-सासरे मागे आले होते तेव्हा सगळं केलंय. काचेच्या तळाच्या बोटी असतात, त्या बिग टबमध्ये याच दोन जहाजांवरून जातात आणि मग फ्लॉवरपॉट आयलंडला नेतात. म्हणजे पाण्यात न उतरता सुद्धा त्यांना तीच जहाजं दिसणार. बाबांना बोटीच्या रेलिंगजवळची जागा मिळेल असं बघा. ग्रोटोला (तिथल्या किनाऱ्यावरची गुहा) जायचं असेल तर पार्किंगचं ऑनलाइन रिझर्वेशन सीझनमध्ये आधी करावं लागतं, ते लगेच भरतं, गेटवर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. तिथली वाट खडकाळ आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर शेवटचा उतार टाळा. गवतात पायवाट सोडून जाऊ नका, पॉइझन आयव्ही आहे आणि त्या भागात रॅटलस्नेक पण आहेत. लेबर डेचा (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंड शक्यतो टाळा, हायवे सहा वर गाडी सरकत नाही आणि राहायला जागा मिळत नाही. शुक्रवार-शनिवारऐवजी मंगळ-बुध जमलं तर सोनं.

खोल_पाणी
अनघाताईंनी बोटींचा विषय काढला ते बरं झालं. बिग टबमध्ये याच टूर बोटी दिवसभर ये-जा करतात, त्यामुळे डायव्हर्सनी तिथे कधी उतरायचं याचे नियम असतात. त्या वर्षीच्या वेळा व्हिजिटर सेंटरला नोंदणी करतानाच विचारून घ्या आणि दिवसाचा बाकीचा प्लॅन त्याभोवती बांधा. वर येताना आधी कान देऊन ऐका, पाण्यात इंजिनचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून आवाज आला की थांबायचं. खाली डायव्हर आहे हे बोटींना दाखवणारा, फ्लॅग लावलेला तरंगता बॉय (बोया) बरोबर असलाच पाहिजे.

मुक्ता_पुणे
मीच ती मामेबहीण! दादाने लिंक पाठवली, सगळं वाचलं, थोडी घाबरले आणि खूप आनंद पण झाला. खोलीचं मला काहीच नाही, मला खोल जायचंय असं नाहीचे, मला जहाज नीट, शांतपणे, पूर्ण बघायचंय. माझे प्रश्न खरं सांगायचं तर थंडीचे आहेत. मला थंडी अजिबात सहन होत नाही, डिसेंबरात पुण्यात सुद्धा मोजे घालून झोपते. हूड घातल्यावर गुदमरल्यासारखं होतं का? आणि माझे कान उजव्या बाजूचे उशिरा मोकळे होतात, त्याचं काय करू? 7 मिमीचा सूट घालून वाकता तरी येतं का? आणि टँकच्या गेजवर तिथे पीएसआय असतं ना, मला बार मध्ये शिकवलंय.

सई_मिसिसागा
मुक्ता वेलकम! तुझ्या प्रश्नांची उत्तरं मी देते कारण मी पण उष्ण पाण्यात शिकून इथे आलेय.

हूड: पहिल्यांदा गळ्याशी आवळल्यासारखं होतं, खरं आहे. दुकानात सामान घेताना हूड घालून पाच मिनिटं नुसती उभी राहा, मान वळव, बोल. श्वास घेताना गळा दाबला जात असेल तर एक साइज मोठा माग, लाजू नको. मास्कची रबरी कड कातडीवरच बसली पाहिजे, हूडचा काठ तिच्याखाली अडकला तर मास्क गळत राहतो आणि नवीन माणसाचा अर्धा जीव तिथेच जातो. हूड घालून झाल्यावर एका बोटाने कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवून बघायचं, सगळीकडे कातडी लागली म्हणजे झालं. आणि केस आतच.

कान: पाण्यात गेल्यावर हूडचा काठ दोन्ही बाजूंनी जरासा ओढून पाणी आत येऊ दे, दोन्ही कानात एकाच वेळी. एका कानात गार पाणी आधी गेलं तर क्षणभर गरगरतं. त्यात काही घाबरण्यासारखं नाही, काहीतरी धरून थांब, जातं. कान मोकळे करायला पृष्ठभागावरच सुरुवात कर, दर दोन-तीन फुटाला, दुखायची वाट बघायची नाही. उजवा कान उशिरा सुटत असेल तर तो कान वरच्या दिशेला राहील अशी मान कलवून बघ. पाय खाली ठेवून दोरीने उतर, डोकं खाली करून नको. आणि सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह नाही, विमानातून उतरल्यावर सर्दी होते अनेकांना, म्हणून आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी प्लॅन ठेवू नका.

सूट: कोरडा असताना पाय आत सरकत नाही. पायात साधी प्लास्टिकची पिशवी घालायची आणि मग सूटमध्ये पाय टाकायचा, सर्रकन जातो, पिशवी खालून ओढून घ्यायची. हाताचं पण तसंच. एका थर्मासमध्ये कोमट पाणी न्या, उतरायच्या आधी ग्लोव्हज मध्ये आणि मानेतून आत ओतायचं, तेच पाणी शरीर आणि सूटच्या मध्ये राहतं, नाहीतर पहिली दोन मिनिटं शरीर गार पाणी तापवण्यात घालवतं. दुसरा थर्मास चहाचा. दोन डायव्हच्या मध्ये ओला सूट घालून वाऱ्यात बसू नको, वरून विंडचीटर. लोकांना पाण्यापेक्षा बोटीवर जास्त थंडी वाजते.

पीएसआय: 3000 म्हणजे साधारण 200 बार, 1500 म्हणजे 100, आणि 50 बार म्हणजे 700 च्या जरा वर. एवढे तीन आकडे पाठ कर. पण खाली खुणा कशा करणार ते दादाबरोबर आधी ठरव, तो 1500 ची खूण करेल आणि तू 150 समजशील असं नको. खोली पण इथे फुटात, शिसं पाउंडात.

मुक्ता_पुणे
पिशवीची आयडिया भारी आहे ताई, थँक्यू. हूड आधी इथेच कुठे मिळतो का बघते, घालून घरात बसायची सवय करते.

खोल_पाणी
मुक्ता, शांतपणे पूर्ण बघायचंय असं तू लिहिलंस ना, त्याचं गणितच मांडून दाखवतो. नवीन डायव्हर थंडीत मिनिटाला पृष्ठभागाच्या हिशोबाने 25 लिटर हवा घेतो असं धरू. 11 लिटरच्या टँकात 200 बार, त्यातले शेवटचे 50 हात लावायचे नाहीत, म्हणजे हातात साडेसोळाशे लिटर. स्वीपस्टेक्सवर सहा मीटरला दाब 1.6 पट, मिनिटाला 40 लिटर, म्हणजे 40 मिनिटं. तेच 20 मीटरला दाब 3 पट, मिनिटाला 75 लिटर, म्हणजे 22 मिनिटं, त्यात उतरणं, चढणं आणि सेफ्टी स्टॉप (वर येताना मध्ये थोडं थांबणं) धरला की जहाजावर दहा-बारा मिनिटं राहतात, ती पण गारठ्यात. जहाज नीट बघायचं असेल तर उथळच पाहिजे.

दोन गोष्टी आणखी. पायांची हालचाल: सायकलसारखी वर-खाली नको, बेडकासारखी, गुडघे वाकवून. तळाशी बारीक गाळ आहे, एक चुकीची लाथ आणि मागून येणाऱ्यांना काही दिसत नाही. डेकपासून दोन हात वर राहून तरंगायचं. आणि जहाजाच्या आत शिरायचं नाही, डोकं सुद्धा आत घालायचं नाही. वरती छप्पर असलेल्या जागी जायला वेगळं ट्रेनिंग लागतं हे एक कारण, पण स्वीपस्टेक्सच्या बाबतीत दुसरंही आहे, आपण सोडलेले बुडबुडे आतून वरच्या फळ्यांना अडकून राहतात आणि लाकूड झिजवतात. खालून काहीही उचलून आणायचं नाही, खिळा सुद्धा नाही, कायद्याने गुन्हा आहे.

ब्रॅम्प्टनकर
काका, शुक्रवारी जहाज नको म्हणालात तर मग कुठे उतरवू तिला? लाइटहाउस पॉइंटला?

खोल_पाणी
लाइटहाउस पॉइंटला उतरायला सोपं आहे, पायऱ्या-खडक आहेत, पण थोडं बाहेर गेलं की भिंत सरळ खाली जाते, नवखा माणूस बघता बघता साठ-सत्तर फुटांवर असतो. पहिल्या दिवशी काठाकाठानेच ठेवा, पंधरा-वीस फुटांच्या खाली नाही. वजन जुळवा, मास्कमध्ये पाणी घेऊन काढा, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र) काढून परत घाला, ग्लोव्हज घालून बीसीडीची बटणं दाबून बघू दे, जाड ग्लोव्हज मध्ये बोटांना काही कळत नाही सुरुवातीला. अर्धा तास बास. तिला बरं वाटलं तर संध्याकाळी लिटल टब बंदराच्या तोंडाशी चार जुन्या टगबोटी आहेत तिथे, काठावरून, चाळीस फुटांच्या आतच सगळं. अ‍ॅलिस जी हे त्यातलं सगळ्यात चांगलं राहिलेलं. पण बरं वाटलं तरच.

रेग्युलेटर भाड्याने घेताना थंड पाण्यासाठीचा आहे ना हे विचारा. उतरण्याआधी बोटीवर उगाच त्यातून श्वास घेत बसू नका, हवा जोरात सोडणारं पर्ज बटण दाबत बसू नका. उथळ पाण्यात गोठून सुटायची शक्यता कमीच, तरी फ्री फ्लो झाला, म्हणजे हवा न थांबता वाहायला लागली, तर तोंडाच्या कडेने श्वास घेत वर कसं यायचं ते तिने पहिल्या दिवशीच एकदा करून बघावं.

वेटमोरप्रेमी
वेटमोरचा उल्लेख आला आणि कोणी त्याची गोष्ट सांगितली नाही म्हणून लॉगिन केलं. डब्ल्यू. एल. वेटमोर, 1871 ला क्लीव्हलंडला बांधलेली वाफेची बोट, दोनशे फुटांच्या वर लांब. 1901 च्या नोव्हेंबरच्या शेवटी वादळात रसेल आयलंडजवळ खडकावर गेली. मागे दोराने ओढत आणलेली जहाजं होती, त्यातलं जेम्स सी. किंग त्याच वादळात गेलं आणि ते पण जवळच आहे. पण किंग उतारावर पडलंय, वीस फुटांपासून नव्वद फुटांपर्यंत, म्हणजे तिकडे आत्ता नको. वेटमोर मात्र सगळं उथळात पसरलेलं आहे. प्रचंड मोठा बॉयलर, सुकाणू, नांगर आणि त्याची साखळी. ती साखळी बघाच, एकेक कडी केवढी आहे ते जवळ गेल्यावर कळतं, आणि तिच्या बाजूने पोहत गेलं की रस्ता चुकत नाही. दुपारी ऊन असताना जा, इतक्या उथळात किरणं थेट बॉयलरवर पडतात.
बिग टबमधलं दुसरं जहाज सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स, प्रवासी बोट, 1907 च्या ऑक्टोबरात लिटल टबमध्ये धक्क्याला असताना आग लागली, बाकीच्या बोटी वाचाव्यात म्हणून ओढून बाहेर सोडली, ती वाहत वाहत बिग टबमध्ये आली आणि जळून बुडाली. पंधरा फुटांवर आहे. स्वीपस्टेक्सपासून इतकी जवळ की एकाच डायव्हमध्ये दोन्ही होतात.

अनघा_वॉटर्लू
इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही. मुक्ता व्हिजिटर व्हिसावर येणार, म्हणजे ओहिप (ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा) नाही. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बरेचदा स्कूबा वगळलेलं असतं किंवा ठराविक खोलीपर्यंतच असतं, पॉलिसीचा तो परिच्छेद नीट वाचा. डॅनचं (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) डायव्हिंगचं वेगळं मिळतं, ते भारतातूनच काढून ये. दमा, रक्तदाब, गेल्या वर्षात कुठलं ऑपरेशन असं काही असेल तर तिथल्या डॉक्टरकडून मेडिकल फॉर्मवर सही घेऊन ये, इथे ऐनवेळी डॉक्टर मिळणं अवघड आहे. परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तासांनी, तुमच्या प्लॅनमध्ये तो प्रश्न येत नाही पण तारीख बदलली तर लक्षात ठेवा.

मनमौजी
एक शंका. टोबरमोरी उंचावर आहे ना, मग डायव्ह टेबलमध्ये (किती खोल किती वेळ राहायचं त्याचे तक्ते) काही बदल?

खोल_पाणी
नाही. लेक ह्युरॉनचं पाणी समुद्रसपाटीपासून 176 मीटरवर आहे, उंचावरच्या डायव्हिंगचे नियम 300 मीटरच्या वर लागू होतात.

ब्रॅम्प्टनकर
सगळ्यांचे मनापासून आभार, प्लॅन पूर्ण बदलला. आता असं ठरलंय: मुक्ता आल्यावर आधी पूर्ण आठवडा घरी, मधल्या एका संध्याकाळी आमच्या इथल्या दुकानाच्या पूलमध्ये 7 मिमी, हूड, ग्लोव्हज सगळं घालून रिफ्रेशर, त्यांच्याशी बोललो, इन्स्ट्रक्टर देतायत. मग सोमवारी दुपारी टोबरमोरी, व्हिजिटर सेंटरला नोंदणी, बिग टबच्या वेळा विचारणं. मंगळवारी लाइटहाउस पॉइंटच्या काठाला सराव, वाटलं तर टगबोटी. बुधवारी स्वीपस्टेक्स आणि ग्रँड रॅपिड्स, त्याच दिवशी आई-बाबा काचेच्या बोटीत. गुरुवारी चार्टरने वेटमोर, बोटवाल्याला आधीच सांगितलंय की बरोबर नवीन डायव्हर आहे, उथळच जागा पाहिजेत. शुक्रवार रिकामा ठेवलाय, वारा लागला तर सरकवायला. नायगारा टू यादीतून काढलं.
खुणा पण ठरवल्या, गेज दोघांनी एकमेकांना सरळ दाखवायचं, बोटांनी आकडे नाहीत. आणि दोघांपैकी कोणीही, कुठल्याही कारणाने, अंगठा वर केला की डायव्ह संपला, प्रश्न विचारायचे नाहीत.

मुक्ता_पुणे
मला गेजवाली गोष्ट सगळ्यात आवडली दादा.

सई_मिसिसागा
मस्त झालाय प्लॅन. दादा, पूलमध्ये तिचं वजन जुळलं की आकडा लिहून ठेव, टोबरमोरीत तिथूनच सुरुवात करता येईल. पण टँक आणि सूट तेच हवेत, म्हणून सूट इथल्याच दुकानातून आठवडाभरासाठी भाड्याने घे, तिकडे जाऊन बदलू नको.

वेटमोरप्रेमी
गुरुवारी सकाळचा स्लॉट घेतलाय की दुपारचा? दुपारचा मिळत असेल तर बदलून घ्या, उन्हाचं मी म्हटलं ते त्यासाठीच.

खोल_पाणी
ऊन चांगलंच, पण पश्चिमेचा वारा बरेचदा दुपारी वाढतो आणि रसेल आयलंडकडे लाटा येतात, नवीन माणसाला लाटांत बोटीच्या शिडीवर चढणं सगळ्यात कठीण जातं. सकाळचाच ठेवा. बुधवारी संध्याकाळी बोटवाल्याला फोन करून वाऱ्याचा अंदाज विचारा, तो 15 नॉटच्या वर सांगत असेल तर शुक्रवारवर ढकला.

ब्रॅम्प्टनकर
सकाळी साडेआठचाच घेतलाय काका. बुधवारी फोन करून इथेच टाकतो काय म्हणाला ते.